डांगराचे बी आणि घरचा हिशेब

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील बैठकांमध्ये केलेल्या भाषणावरून)



भाषण सुरू करण्याआधी एक ताट तुमच्यातून फिरते आहे. त्यातले चार दाणे उचला, तोंडात टाका, आणि मग ऐका. ताटात काय आहे ते बायकांनी केव्हाच ओळखले असेल. डांगराचे बी आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले, वाळवून भाजलेले, वरून गूळ आणि तिखट लावलेले. आपल्याकडे डांगर म्हणतात, कुठे लाल भोपळा म्हणतात, विदर्भात कोहळे म्हणतात, खानदेशात गंगाफळ म्हणतात. नाव काहीही असो, बी सगळीकडे एकाच जागी जाते. उकिरड्यावर.

मागच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा मागून एक भाऊ उठले आणि म्हणाले, "साहेब, कर्जाचं बोला, पाण्याचं बोला, भावाचं बोला. बियांचं काय बोलताय?" त्यांचा राग खोटा नाही. पण आम्ही भावाचेच बोलणार आहोत. फक्त बियांपासून सुरुवात करणार आहोत.

उलटी पट्टी

गेल्या हंगामातली गोष्ट. आटपाडीकडच्या एका शेतकऱ्याने बाजरीच्या कडेने आणि बांधाने डांगर टोकले होते. पाऊस मधे बरा झाला. वेल पसरले, फळे चांगली धरली. पाच-पाच, सहा-सहा किलोचे एकेक फळ. टेम्पो भरला आणि शहराच्या बाजारात नेला. आम्ही सोबत होतो. त्या दिवशी बाजारात सगळीकडून डांगर आलेले. संध्याकाळी पट्टी हातात पडली. वर मालाची रक्कम, खाली टेम्पोचे भाडे, हमाली, तोलाई. वजाबाकी करून शेवटच्या ओळीत जो आकडा आला तो उणे होता. माल देऊन वर खिशातले पैसे द्यायचे. याला आपल्याकडे उलटी पट्टी म्हणतात, आणि कांदावाल्याला, टोमॅटोवाल्याला ती नवी नाही.

परत येताना स्टँडवर चहा प्यायला थांबलो. दुकानात दोरीला पाकिटे लटकत होती. त्यातले एक त्या भावाने हातात घेतले, उलटे-सुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "आवो, हे तर डांगराचं बी!" पन्नास ग्रॅमचे पाकीट होते. त्यावर छापलेली किंमत त्याने दोनदा वाचली. मग पाकीट परत दोरीला अडकवले आणि वाटभर बोलला नाही.

गावात आल्यावर रानात राहिलेली डांगरे त्याने म्हशींपुढे फोडून टाकली. म्हशींनी गर खाल्ला. बी शेणात गेले, शेण उकिरड्यात गेले, आणि यंदाच्या पहिल्या पावसाला उकिरड्यावर डांगराचे रान उगवले.

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. भोपळा कोणत्या कुळातला, दोन आळ्यांत अंतर किती, फळमाशीला औषध कोणते, हे सगळे आम्ही पाठ करून परीक्षा दिली. फळ बाजारात पोचल्यावर काय होते आणि त्यातल्या बियांचे काय होते, हे आम्हाला कोणी शिकवले नाही, आम्हीही कोणाला विचारले नाही. म्हणून आज जे सांगतो आहोत त्यातले निम्मे तुमच्यासारख्या मायबहिणींकडून शिकलेले आहे. हे आधीच सांगून टाकतो.

बी म्हणजे काय जाते?

हे पत्रक कापसाच्या जिल्ह्यांतही वाचले जाते. त्या भावांना सरकीचा दाखला पटेल. कापूस आपण बियांसकट विकतो. वजनाने पाहिले तर त्यात रुई साधारण एक तृतीयांश आणि सरकी दोन तृतीयांश. सरकीचे तेल निघते, पेंड निघते. तीच पेंड आपण पोत्याने विकत आणतो आणि म्हशीपुढे ठेवतो. स्वतःच्या रानातले बी स्वतःच्याच गोठ्यात परत येते, पण मधे चार जणांचा नफा देऊन येते.

ज्वारीचेही तेच. शाळूचे कणीस दुधात असताना आगटीत भाजले की हुरडा होतो. शहरातली माणसे गाडी काढून, पैसे मोजून हुरडा खायला येतात. दाणा तोच, रान तेच. मधे एक आगटी आहे आणि भाजणारा हात आहे. किंमत त्या आगटीपाशी वाढते. आता डांगराच्या बियांकडे या नजरेने पाहा.

सोललेल्या मगजात शंभर ग्रॅममागे प्रथिने तीस ग्रॅमच्या आसपास असतात. शेंगदाण्यात ती पंचवीस-सव्वीस, आणि आपल्या ज्वारीत दहाच्या आसपास. तेलही भरपूर. शिवाय मॅग्नेशियम, जस्त आणि लोह. सालीसकट खाल्ले तर हे प्रमाण अर्थातच उतरते, कारण साल म्हणजे नुसता चोथा. तरी भाकरी-कालवणावर जगणाऱ्या घरात हा खाऊ हलका नाही. म्हणून विकण्याच्या आधी आपल्या पोराबाळांच्या मुठीत हे बी गेले पाहिजे. घरच्या पोराला पाच रुपयांचा कुरकुरीत कागद आणि घरचे बी उकिरड्याला, हा व्यवहार आधी बंद करू.

ऑस्ट्रिया देशात स्टायरिया नावाचा प्रांत आहे. तिथले शेतकरी भोपळा बियांसाठीच लावतात. त्यांच्या भोपळ्याच्या बियांना टणक साल नसते. फळ फोडून बी काढून घेतात, गर रानातच सोडतात. बी भाजून त्याचे गडद हिरवे तेल काढतात. १९९६ साली युरोपीय संघाने त्या तेलाच्या नावाला संरक्षण दिले. ते नाव दुसऱ्या मुलखातल्या तेलाला लावता येत नाही. जसे आपल्या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या देशी डांगराचे बी पांढरट, सालीचे असते. शहरातल्या मोठ्या दुकानात जे हिरवे मगज मिळते त्याच्याशी त्याने स्पर्धा करावी असे आम्ही म्हणत नाही. हाताने बी सोलत बसले तर दिवसाची मजुरीसुद्धा सुटायची नाही. आपले बी सालीसकट भाजायचे. साल कुरकुरीत झाली की ज्याला चावायची तो चावेल, ज्याला नको तो सोलून मगज खाईल.

आम्ही कसे फसलो

पहिल्यांदा आम्ही हे खटाव तालुक्यातल्या एका गावात करून दाखवायला गेलो. समाजमंदिरात चाळीसभर बाया जमल्या. आम्ही कागदावर कृती लिहून नेली होती. कढई तापवली, तेल टाकले, तेलात तिखट टाकले, त्यावर गूळ टाकला आणि वर कच्चे बी ओतले. तेलात तिखट पडताच असा ठसका उठला की सगळे समाजमंदिर खोकत बाहेर पळाले. आत येऊन पाहतो तर गूळ करपून काळा झालेला आणि बी आत कच्चेच.

एक अक्का कोपऱ्यात बसून हसत होत्या. सत्तरीच्या पुढच्या असतील. त्या म्हणाल्या, "सायेब, तुमी चिक्की कवा केली न्हाय वाटतं. आदी दाणं भाजायचं, मग पाक करायचा. आन् तिखट कढई उतरल्यावर. डांगराचं बी आमी खापरात भाजून पोरांना देत हुतो की. आता पोरं पाकिटं मागत्यात, म्हनून सोडलं."

म्हणजे कृती गावात होतीच. मधल्या काळात ती हरवली, आणि आम्ही पदवीधर ती शिकवायला निघालो होतो. त्या दिवशी अक्कांनी चुलीपाशी बसून जे दाखवले तेच आता सांगतो. सोबत वजन-मापे आम्ही घातली आहेत.

कृती

पहिले काम, फळ नीट पिकलेले हवे. देठ वाळलेला, नख लावले तर सालीत न रुतणारा. कोवळ्या फळातले बी पोचट निघते.

फळ फोडल्यावर आधी गराचा एक तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ते फळ बियांसकट खड्ड्यात पुरा. भोपळ्याच्या कुळात अधूनमधून कडू फळ निघते. तो कडूपणा म्हणजे विष असते, त्याने उलट्या-जुलाब होतात. भाजून किंवा गूळ लावून ते जात नाही.

बी तंतूंसकट बाहेर काढा आणि पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हातांनी चोळा. तंतू सुटतात. दोन-तीन पाणी बदला. बुळबुळीतपणा पूर्ण गेला पाहिजे, नाहीतर भाजताना बी एकमेकांना चिकटते आणि डाग पडतात.

मग मिठाचे पाणी. एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ. त्यात बी रात्रभर भिजू द्या. घाई असेल तर त्याच पाण्यात दहा मिनिटे उकळून घ्या. याने दोन गोष्टी होतात. मीठ आतपर्यंत जाते आणि भाजल्यावर साल कुरकुरीत होते. अक्कांच्या बियांची चव आणि आमच्या बियांची चव यातला निम्मा फरक या एका रात्रीचा होता.

सकाळी चाळणीत निथळा आणि स्वच्छ कापडावर पातळ पसरा. डांबरी रस्त्यावर नको, पत्र्यावर नको. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात एक-दोन दिवसांत बी वाळते. रात्री आत घ्या, दव लागू देऊ नका. एक बी घेऊन वाकवा. कट्‌ आवाज करून मोडले तर वाळले. वाकले तर अजून ऊन द्या. ओलसर बी डब्यात भरले तर बुरशी येते, आणि बुरशीचे विष भाजून मरत नाही. बुरशी दिसली तर लोभ धरू नका.

आता भाजणे. जाड बुडाची लोखंडी कढई किंवा खापर, मंद जाळ, आणि एका वेळी किलोभरच बी. हात थांबवायचा नाही. दहा-बारा मिनिटांत बी तडतडू लागते, थोडे फुगते, पांढऱ्याचे सोनेरी होते. एक फोडून पाहा. आतला मगज फिकट सोनेरी असला की उतरवा. तांबूस झाला तर उशीर झाला, थंड झाल्यावर तो कडवट लागेल. उतरवल्यावर कढईच्या उष्णतेने बी भाजतच राहते, म्हणून लगेच ताटात काढा.

एक किलो भाजलेल्या बियांना पाव किलो गूळ, दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे तिखट, एक मोठा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरते मीठ. मीठ भिजवणीत गेले आहे हे विसरू नका. आंबट आवडत असेल तर थोडी आमचूर. आपल्याकडे घरोघर कांदा-लसूण मसाला असतो, तो घालायचा मोह होतो. लगेच खायचे असेल तर खुशाल घाला. टिकवायचे असेल तर साधे कोरडे तिखटच बरे.

तिखट, जिरे आणि मीठ एका वाटीत एकत्र करून ठेवा. कढईत तेल आणि गूळ घ्या, दोन-तीन चमचे पाणी घाला आणि मंद जाळावर पाक करा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कडक झाला पाहिजे, ताटलीवर आपटला की टण्‌ वाजला पाहिजे. ही खूण तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. पाक आला की कढई खाली उतरवा. खाली उतरवल्यावरच वाटीतला मसाला टाका, लगेच बी टाका आणि भराभर हलवा. सगळ्या बियांना पाक लागला की तेल लावलेल्या ताटात पसरून हातासरशी मोकळे करा. हाताला पाण्याऐवजी तेल लावा, आणि पाक हाताला सोसेल एवढा निवू द्या.

पूर्ण गार झाले की त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गूळ हवेतले पाणी ओढतो. पावसाळ्यात दोन तास उघडे राहिले तरी बी चिकट होते. आणि बियांत तेल असल्यामुळे महिना-दोन महिन्यांत खवटपणा येतो. म्हणून वाळवलेले कच्चे बी साठवा, भाजायचे मात्र लागेल तसे थोडे-थोडे.

तीन सूचना लक्षात ठेवा. सगळे बी भाजून खाऊ नका. ज्या देशी वेलाचे फळ भरले, टिकले आणि गोड निघाले त्याचे मूठभर बी पेरणीसाठी, मिठाचे पाणी न लावता, सावलीत वाळवून राखेत ठेवा. दुसरे, दुकानातून आणलेले पेरणीचे बी, ज्याला गुलाबी-निळा रंग असतो, ते कधीही कढईत जाता कामा नये. त्यावर विषारी औषधाचा थर असतो. तिसरे, लहान लेकरांना सालीसकट बी देऊ नका, घशात अडकते. त्यांना सोलून आणि कुटून द्या.

आता हिशेब

इथपर्यंत बायका आमच्याकडे पाहत होत्या. आता पुरुषांनी कान द्यावेत.

शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी पुरती धरत नाहीत, ही आपली जुनी तक्रार आहे. आयोगाने पुरती धरली नाही, सरकारने पुरती धरली नाही, म्हणून आपण रस्त्यावर बसलो. मग आपल्याच घरात खाऊ भाजायला घेतला तेव्हा आपण तरी धरतो का?

समजा, एक टन डांगर घरी फोडले. सुमारे दोनशे फळे. त्यातून वाळलेले बी वीस किलोच्या आसपास निघते. फळ जातीजातीचे वेगळे असते, तेव्हा तुम्ही आपले वजन करून पाहा. खालचे आकडेही उदाहरणासाठीच आहेत, तुमच्या गावचे घाला. फोडणे, बी काढणे, धुणे, वाळवणे, भाजणे आणि भरणे यात बाईचे नऊ दिवस गेले. रोज तीनशे धरला तर २७०० रुपये. पाच किलो गूळ २५० रुपये. तिखट, मीठ, जिरे, तेल ४०० रुपये. सरपण किंवा गॅस ३०० रुपये. पाकिटे आणि लेबल ४०० रुपये. विकायला नेण्याचे भाडे ३०० रुपये. बेरीज ४३५० रुपये.

वीस किलो बी भाजून अठरा किलो राहिले, त्यात पाच किलो गूळ. तयार माल तेवीस किलो. म्हणजे किलोला १९० रुपयांच्या आसपास खर्च.

हा हिशेब इथेच सोडला तर तो खोटा आहे. यात डांगर फुकट धरले आहे. उलट्या पट्टीच्या दिवशी ते फुकटच असते हे खरे. पण ज्या दिवशी डांगराला जागेवर पाच रुपये किलो मिळत होते त्या दिवशी फोडले, तर टनाचे ५००० रुपये खर्चात धरावे लागतील. मग बेरीज ९३५० रुपये आणि किलोला चारशेच्या वर खर्च. गर म्हशींना घातला तर वैरणीचे थोडे पैसे वाचतील, ते यातून वजा करा.

म्हणजे निष्कर्ष काय? भाव बरा असेल तेव्हा डांगर अख्खे विका, बियांच्या नादाला लागू नका. भाव पडला, टेम्पोचे भाडेही सुटत नाही असे दिसले, की घरी फोडा. फळ तसेही वाऱ्याच्या जागी दोन-तीन महिने टिकते, तेव्हा ठरवायला वेळ असतो. आणि जो बियांसाठी म्हणून एकरभर डांगर लावील त्याला आम्ही आजच सांगतो, लावू नका. या बियांनी सोसायटीचे कर्ज फिटणार नाही. कोणी फिटेल म्हणून सांगत आला तर त्याच्याकडून आधी लिहून घ्या.

मग याचा उपयोग काय? उपयोग बेदाण्याने दाखवला आहे. तासगाव, कवठे महांकाळ भागातल्या द्राक्षवाल्याकडे पाहा. पूर्वी द्राक्ष काढणीला आले आणि व्यापाऱ्याने भाव पाडला की हात जोडण्यापलीकडे इलाज नव्हता, कारण द्राक्ष थांबत नाही. आता तो घड पोटॅशच्या आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर टाकतो आणि पंधरा-वीस दिवसांत बेदाणा करतो. बेदाण्यालाही पडता भाव येतो, तेही पाहिले आहे. पण "या भावाला देत नाही" असे म्हणण्याची सोय त्याच्या हाती आली. डांगरवाल्याच्या हाती ती सोय लहान आहे, एका कढईएवढी आहे. तरी आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा विचार मांडला. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. त्यातल्या माजघर शेतीचा अर्थच हा, की माल कच्चा घराबाहेर न पाठवता माजघरात त्यावर काही प्रक्रिया करून मग पाठवायचा. त्यावर तेव्हा टाळ्या पुष्कळ पडल्या. माजघरातल्या बाईच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न मात्र पुष्कळ गावांत विचारायचाच राहिला. तो आता विचारू.

पैसा कोणाच्या हातात?

समाजमंदिरातल्या त्या बायांनी पुढे पंधरा किलो बी भाजले. जवळच्या जत्रेत दोन दिवसांत सगळे विकले गेले. आम्ही खूश झालो. पावती फाडताना, पैसे वाटताना, आम्ही नेहमीच्या सवयीने घरातल्या पुरुषाचे नाव लिहिले आणि पैसे त्याच्या हातात दिले. पुढच्या जत्रेला निरोप पाठवला. एकही बाई आली नाही.

आम्ही अक्कांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सायेब, रानात राबतोय, ते पैसं मालकाच्या हातात. चुलीम्होरं बसून बी भाजलं, ते बी मालकाच्याच हातात. मग आमी जादा धूर का खायाचा?"

ही चूक आमची होती. उत्पादनखर्चात मजुरी धरा म्हणून सरकारला सांगणारे आम्ही, बाईचे नऊ दिवस वहीत लिहिले आणि पैसे देताना विसरलो. सरकार आपल्याशी जे करते तेच आम्ही तिच्याशी केले. १९८६ साली चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या त्या यासाठीच. आणि त्या अधिवेशनाला इतकी वर्षे झाली तरी पावती कोणाच्या नावाने फाडायची हे आम्हाला एका म्हातारीने शिकवावे लागले.

आपल्याच माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चेतना सिन्हांनी बायांना घेऊन परवान्याचा पहिला अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला, कारण अर्ज करणाऱ्या बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बाया लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब विचारा, तुमच्या माणसांच्या आधी तोंडी सांगतो. परवाना मिळाला. आपल्या बाईला हिशेब येत नाही असे म्हणणाऱ्याने म्हसवडला जाऊन यावे.

पुढच्या बैठकीपर्यंत

तेव्हा आज प्रत्येक गावाने तीन कामे घेऊन जावे.

एक, घरात डांगर फुटेल तेव्हा बी उकिरड्यावर जाणार नाही. धुऊन, वाळवून, डब्यात. लग्नकार्यात आचाऱ्याकडे डांगर चिरले जाते, तिथलेही मागून आणा. दहा घरांचे बी एकत्र केले तरच कढईला पुरेल एवढे होते.

दोन, एक वही करा. किती डांगरातून किती बी निघाले, कोणाचे किती तास गेले, काय खर्च झाला, लिहा. आमचे आकडे चुकले असतील तर वही घेऊन या आणि आमच्या तोंडावर सांगा. विकायचे ठरले तर अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या घरगुती उत्पादकाला नोंदणी करावी लागते, ती करून घ्या. पाकिटावर नाव, पत्ता, घटक, वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक छापा. हे खाल्ल्याने अमुक रोग बरा होतो असे मात्र छापू नका. ते कायद्यात बसत नाही, आणि आपण खाऊ विकतो आहोत, औषध नाही.

तीन, खाते बाईच्या नावाने उघडा आणि पावती तिच्याच नावाने फाडा. यात तडजोड नाही. ज्या गावाला हे जमणार नाही त्या गावाने बी म्हशींनाच घालावे.

ताट फिरून परत आले आहे. रिकामे आहे. हे भाजायला अक्का आणि त्यांच्या दोन सुना परवा दिवसभर चुलीपुढे होत्या. बाहेर दारापाशी डबा ठेवला आहे, वही ठेवली आहे, आणि वहीजवळ धाकटी सून बसली आहे. ज्याने खाल्ले त्याने जाताना पैसे तिच्या हातात द्यावेत. उधारी नाही.